व्ह्यूइंग कार्ड आणि सेट-टॉप बॉक्सचं पेअरिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिशवरून टीव्ही बघणाऱ्या बहुतेकांचा या विषयाशी संबंध येतो तो बॉक्स बदलल्यावर. बॉक्सच्या खाचेत घालायचं कार्ड तेच असतं, पॅक चालू असतो, सिग्नलही भरपूर असतो, आणि तरी पडद्यावर निरोप झळकतो की हे कार्ड या बॉक्ससाठी नाही. अशा वेळी काय करायचं ते इथे दिलं आहेच, पण असं का होतं तेही थोडं सविस्तर दिलं आहे. आतली गोष्ट एकदा समजली की कस्टमर केअरशी नेमकं काय बोलायचं ते कळतं आणि अर्धा मनस्ताप वाचतो.

पेअरिंग म्हणजे नेमकं काय?

एक ठरावीक कार्ड एका ठरावीक बॉक्सशीच चालेल अशी बांधलेली गाठ. प्रत्येक कार्डाच्या चिपमध्ये त्याचा स्वतःचा क्रमांक असतो, तसाच प्रत्येक बॉक्सच्या मुख्य चिपमध्येही असतो. कंपनीच्या यंत्रणेत या दोन क्रमांकांची नोंद एकत्र केली जाते आणि त्या नोंदीप्रमाणे कार्डाला कळवलं जातं की तुझा बॉक्स हा.

हे दोन प्रकारे होतं. साध्या प्रकारात कार्ड फक्त बॉक्सचा क्रमांक ताडून बघतं. जुळला तर काम करतं, नाहीतर गप्प बसतं. पक्क्या प्रकारात दोघांकडे मिळून एक गुप्त पेअरिंग की, म्हणजे आकड्यांची किल्ली, असते. कार्ड बॉक्सला जे देतं ते या कीनं कुलूपबंद करून देतं. दुसऱ्या बॉक्सकडे ती की नसल्यामुळे त्याच्या हाती पडतात ते निरर्थक आकडे. क्रमांकाची नक्कल करता येते, चिपमध्ये बंद असलेली की बाहेर काढणं फार अवघड असतं, म्हणून अलीकडच्या प्रणाली दुसऱ्या प्रकाराच्या असतात.

कार्ड बॉक्समध्ये बसून करतं तरी काय? चित्र त्यातून जातं का?

नाही, आणि हा गैरसमज खूप जणांचा असतो. चित्र आणि आवाज कार्डापर्यंत पोचतच नाहीत. उपग्रहावरून येणारा डिजिटल प्रवाह १८८ बाइटच्या छोट्या पाकिटांचा असतो. पैसे भरून बघायच्या चॅनेलची पाकिटं स्क्रॅम्बल केलेली, म्हणजे मुद्दाम विस्कटलेली, असतात आणि ती उलगडायला एक चावी लागते. तिला कंट्रोल वर्ड म्हणतात. ही चावी कायमची नसते, साधारण दर दहा सेकंदांनी बदलते.

चावी चॅनेलबरोबरच हवेतून येते, पण एका बंद संदेशाच्या आत. या संदेशाला ईसीएम म्हणतात. बॉक्स तो संदेश उचलून कार्डाला देतो. कार्ड आधी स्वतःच्या नोंदी बघतं की हा चॅनेल या ग्राहकाच्या पॅकमध्ये आहे का, आजच्या तारखेला पॅक चालू आहे का. सगळं ठीक असेल तर संदेश उघडून कंट्रोल वर्ड बॉक्सला परत देतं. पाकिटं उलगडायचं भारी काम बॉक्सची चिप करते. कार्डाला तेवढा वेग झेपणारही नाही: ते आणि बॉक्स एकाच तारेवरून, आळीपाळीनं बोलतात. कार्डावरच्या सोनेरी पट्टीत वीज, रिसेट, क्लॉक आणि ग्राउंड यांचे कप्पे वेगळे असतात, पण माहितीच्या जाण्यायेण्यासाठी वापरात असतो तो एकच कप्पा.

सशुल्क चॅनेल चालू असताना कार्ड बाहेर काढलं तर चित्र त्याच क्षणी जात नाही. काही सेकंद सगळं सुरळीत चालतं, मग थांबतं. पुढची चावी बॉक्सला थोडी आधीच देऊन ठेवलेली असते. ती संपेपर्यंत चित्र टिकतं. कार्ड परत घातलं की आधी त्याची ओळखपरेड होते: बॉक्स वीज देतो, रिसेट करतो, कार्ड आपण कोण आणि कसं बोलतो ते सांगतं, आणि मग पुढचा ईसीएम सुटला की चित्र परत येतं. गंमत म्हणून हे वारंवार करू नका, कप्पे झिजतात.

एवढं सगळं असताना पेअरिंग वेगळं कशाला?

कारण कार्डाकडून बॉक्सकडे जाणारी चावी फार लहान असते. डिजिटल प्रक्षेपणात जगभर वापरली गेलेली डीव्हीबी-सीएसए ही स्क्रॅम्बलिंग पद्धत १९९४ साली ठरली. तिचा कंट्रोल वर्ड ६४ बिटचा, म्हणजे अवघ्या ८ बाइटचा. त्यातले २ बाइट नुसते तपासणीचे असतात, म्हणजे खरी चावी ४८ बिटची. दर दहा सेकंदांना ८ बाइट एवढा मजकूर कुठल्याही मंद इंटरनेट जोडणीवरून सहज जातो. कार्डाच्या तारेवर ही चावी उघडी वाहत असेल तर एक कार्ड एका बॉक्समध्ये ठेवून त्याच्या चाव्या शेकडो लोकांना पुरवता येतात. वर्गणी भरणारा एक, बघणारे शेकडो. कार्ड शेअरिंग नावाचा हा चोरीचा धंदा बऱ्याच देशांत चालला. कार्डातलं गुपित फोडायचीही त्यात गरज नव्हती.

पक्क्या पेअरिंगमुळे त्या तारेवर उघडी चावी वाहतच नाही. कुणी तार टिपली तरी हाती येतं ते एकाच बॉक्सला कळणारं. अ‍ॅनालॉग काळातल्या व्हिडिओक्रिप्टसारख्या प्रणालींत तर कार्ड कुठल्याही जुळत्या डिकोडरमध्ये चालायचं, त्या मानानं हा मोठाच बदल.

माझं स्पष्ट मत असं की पेअरिंग योग्य आहे, पण त्याचा भार प्रामाणिक ग्राहकावर पडतो. चोराला अडवण्यासाठी लावलेलं कुलूप घरमालकालाच बाहेर ठेवत असेल तर ते उघडून देण्याची सोय दिवसरात्र असली पाहिजे. पेअरिंगच्या तक्रारीला दोन दिवस थांबायला सांगणं ग्राहकावर अन्यायच आहे, कारण कंपनीच्या बाजूनं हे काम एक नोंद बदलून एक संदेश सोडण्याचं असतं.

तो संदेश माझ्याच कार्डापर्यंत कसा पोचतो?

बरेचसे गोंधळ इथेच होतात, म्हणून हे उत्तर जरा निवांत वाचा.

उपग्रहाचा मार्ग एकतर्फी आहे. डिश ऐकते, बोलत नाही. तुमचा बॉक्स चालू आहे की बंद, कार्ड आत आहे की कपाटात, हे उपग्रहाच्या वाटेनं कंपनीच्या केंद्राला कधीच कळत नाही. त्यामुळे तुमच्या कार्डासाठीचा हुकूम केंद्राला सगळ्यांच्या डोक्यावरून सोडावा लागतो. या हुकमाला ईएमएम म्हणतात. ही एक प्रकारची दवंडी आहे. ऐकतात सगळे, पण ज्याचं नाव पुकारलं त्यानंच ती मनावर घ्यायची. लाखो बॉक्सच्या डिशवर तुमचा ईएमएम येतो, प्रत्येक बॉक्स त्यावरचा पत्ता बघतो आणि आपल्या कार्डाचा नसेल तर सोडून देतो. पत्ता जुळला तर संदेश कार्डाला दिला जातो, कार्ड तो खरा आहे का हे तपासतं आणि मगच आपल्या स्मृतीत लिहून ठेवतं.

पोहोच मिळत नसल्यामुळे केंद्र तोच संदेश ठरावीक काळ पुन्हा पुन्हा सोडतं. त्या काळात तुमचा बॉक्स बंद असेल, कार्ड बाहेर असेल, किंवा मुसळधार पावसानं सिग्नल गेला असेल, तर संदेश हुकतो. केंद्राच्या नोंदीत मात्र ‘पाठवला’ असंच दिसतं. फोनवरचा माणूस “आमच्याकडून झालंय” म्हणतो आणि तुमच्या पडद्यावर काहीच झालेलं नसतं. दोघंही खरं बोलत असतात. हुकूम नव्यानं सोडण्याला रिफ्रेश म्हणतात. तेव्हा वाद न घालता “बॉक्स आता चालू आहे, रिफ्रेश पुन्हा पाठवा” एवढंच सांगा.

ज्या बॉक्सला इंटरनेट जोडलेलं असतं त्यांना काही कंपन्या त्या वाटेनंही हुकूम देतात, आणि तिथे पोहोच कळते.

बॉक्स बदलला आहे. पेअरिंग करून घ्यायला काय करू?

फोन लावण्याआधी दोन क्रमांक कागदावर लिहून घ्या. पहिला कार्डाचा. तो कार्डावर छापलेला असतो आणि व्हीसी नंबर किंवा स्मार्ट कार्ड नंबर या नावानं ओळखला जातो. दुसरा बॉक्सचा. तो बॉक्सच्या तळाशी किंवा मागच्या स्टिकरवर असतो. स्टिकरवर बरेच क्रमांक असतात, त्यातला सीरियल नंबर मागतात की चिप आयडी हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून दोन्ही लिहून ठेवा. मेन्यूमध्ये सिस्टिमची किंवा कार्डाची माहिती देणारं पान असतं, तिथेही हे आकडे दिसतात. स्टिकर आणि पडदा यांत फरक आढळला तर पडद्यावरचा खरा धरा. दुरुस्तीत आतला बोर्ड बदलला जातो, स्टिकर जुनंच राहतं.

मग कार्ड नव्या बॉक्समध्ये घाला, बॉक्स पूर्ण चालू करा, तुमच्या पॅकमधला एखादा सशुल्क चॅनेल लावा आणि तसाच राहू द्या. निरोप पडद्यावर असला तरी चालेल. फोनवर शब्द नेमके वापरा: “कार्ड जुनं, बॉक्स नवा, दोन्ही पेअर करायचे आहेत.” नुसतं “चॅनेल दिसत नाही” म्हटलं तर समोरचा आधी पॅक बघेल, मग सिग्नल विचारेल, आणि मुद्द्यावर यायला वेळ जाईल.

किती वेळ लागतो?

बहुधा काही मिनिटं. रांग मोठी असेल तर जास्त. तासभर बॉक्स चालू ठेवूनही फरक पडला नाही तर पुन्हा फोन करा आणि दोन्ही क्रमांक समोरच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. एक आकडा चुकला की हुकूम भलत्याच कार्डाच्या पत्त्यावर जातो.

लाइट गेली, बॉक्स रिसेट केला, तर पेअरिंग पुसलं जातं का?

नाही. ते विजेशिवाय टिकणाऱ्या स्मृतीत असतं. फॅक्टरी रिसेटनं चॅनेलची यादी, आवडीचे चॅनेल, पालकांसाठीचा पिन अशा गोष्टी जातात. चिपमधली गुपितं त्याच्या आवाक्याबाहेर असतात. म्हणूनच पेअरिंगची अडचण रिसेटनं सुटतही नाही. पाच वेळा रिसेट करून पाहण्यात वेळ घालवू नका.

अडचण पेअरिंगची आहे, पॅकची आहे की सिग्नलची, हे कसं ओळखू?

आधी एक मोफत चॅनेल लावून बघा. मोफत चॅनेल बहुधा स्क्रॅम्बल केलेले नसतात, त्यांना कार्ड लागत नाही. ते नीट दिसत असतील तर डिश, एलएनबी (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) आणि केबल ठीक आहेत असं समजा. एखादाच मोफत चॅनेल बघून निष्कर्ष काढू नका. वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवरचे दोनतीन तरी बघा, कारण एलएनबी अर्धवट बिघडला की काही चॅनेल येतात आणि काही जातात. काही सेवांमध्ये मोफत चॅनेलही स्क्रॅम्बल असतात. तिथे ही युक्ती चालणार नाही, सिग्नलचं पान उघडून ताकद आणि गुणवत्ता बघावी लागेल. चित्राचे चौकोनी तुकडे होत असतील, आवाज अडखळत असेल तर तो सिग्नलचा दोष आहे. पेअरिंग असं अर्धवट बिघडत नाही. एकतर चित्र स्वच्छ येतं, नाहीतर येतच नाही.

सिग्नल चांगला आणि काही सशुल्क चॅनेल दिसतात, काही नाहीत, असं असेल तर पेअरिंग पक्कं आहे. प्रश्न पॅकचा आहे. या दोन परवानग्या वेगळ्या असतात. कार्ड बरोबर बॉक्समध्ये आहे का ही एक, आणि या कार्डाला हा चॅनेल बघायचा हक्क आहे का ही दुसरी. पहिली सहसा एकदाच ठरते. दुसरी मुदतीची असते आणि ईएमएमनं नवी होत राहते. त्यामुळे कार्ड काही महिने कपाटात राहिलं तर पेअरिंग शाबूत राहतं, पण हक्काची मुदत उलटून जाते. प्रवासाहून परतल्यावर वर्गणी भरलेली असूनही चॅनेल बंद दिसतात ते यामुळे. तिथे नव्या पेअरिंगची गरज नसते, रिफ्रेश पुरतो.

सगळेच्या सगळे सशुल्क चॅनेल बंद आणि निरोपात बॉक्स व कार्ड जुळत नसल्याचा उल्लेख असेल, तर ते पेअरिंग. कार्ड वाचता येत नाही किंवा कार्ड घाला असा निरोप असेल तर कार्ड बसलेलं नाही, उलटं बसलंय किंवा खराब झालंय. निरोपातला शब्द आणि कोड जसाच्या तसा टिपून ठेवा, फोनवर तोच उपयोगी पडतो.

नवं कार्ड चालतं का ते दुसऱ्याच्या बॉक्समध्ये घालून बघू का?

नको. काही प्रणालींत कोरं कार्ड चालू होताना ज्या बॉक्समध्ये असेल त्याच्याशीच बांधलं जातं. मग ती गाठ सोडवायला पुन्हा कंपनीकडेच जावं लागतं. आधीपासून पेअर झालेलं कार्ड मात्र दुसऱ्या बॉक्समध्ये घातल्यानं सहसा बिघडत नाही, फक्त चालत नाही. परत आपल्या बॉक्समध्ये घातलं की पूर्ववत.

एका कार्डावर दोन टीव्ही चालतील का?

एका बॉक्सचं चित्र दोन टीव्हींना जोडता येतं, पण दोन्हीकडे एकच चॅनेल दिसेल. वेगळे चॅनेल हवे असतील तर दुसरा बॉक्स आणि त्याचं स्वतःचं कार्ड लागतं. एकाच खात्यावर ही सोय सवलतीत मिळू शकते. दुसरा बॉक्स खरोखर त्याच घरात आहे याची खात्री करण्यासाठी काही कंपन्या दुय्यम बॉक्सला अधूनमधून मुख्य कार्ड दाखवायला लावतात. हे त्रासदायक वाटलं तरी तो बिघाड नव्हे.

बॉक्स बदलल्यावर जुनी रेकॉर्डिंग दिसतील का?

बहुतेकदा नाही, आणि हे आधी कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. रेकॉर्डिंग डिस्कवर स्क्रॅम्बल स्वरूपातच ठेवली जातात आणि त्यांची चावी त्या बॉक्सच्या चिपशी, किंवा कार्डाशी, बांधलेली असते. डिस्क काढून नव्या बॉक्सला लावली तरी फाइल उघडत नाही. नुसतं कार्ड बदललं तरी काही प्रणालींत हाच परिणाम होतो. जुना बॉक्स अजून चालत असेल तर बदलाला होकार देण्यापूर्वी जे बघायचं ते बघून घ्या.

कुणाचा वापरलेला बॉक्स स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

तुमच्याच कंपनीचा असेल आणि ती बाहेरचा बॉक्स आपल्या नोंदीत घ्यायला तयार असेल तरच. दुसऱ्या कंपनीचा बॉक्स दिसायला हुबेहूब असला तरी त्याच्या चिपमध्ये कारखान्यातच वेगळ्या की भरलेल्या असतात. तुमच्या कार्डाशी त्याची जोडी जमणार नाही. शिवाय अनेक करारांत बॉक्स आणि कार्ड ही कंपनीची मालमत्ता असते, म्हणजे विकणाऱ्याला ती विकायचा अधिकारच नसतो. पैसे देण्याआधी सीरियल नंबर मागून घ्या आणि कंपनीला विचारा की हा तुमच्या खात्यावर जोडता येईल का. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच सोडा.

“सगळीकडे चालणारं, पेअरिंग काढलेलं कार्ड” असं म्हणून कुणी काही विकत असेल तर ते एकतर चोरीचं असतं, नाहीतर चार दिवसांत बंद पडणारं.

कार्ड स्वच्छ कसं करायचं?

बॉक्सची वीज बंद करा, कार्ड काढा, सोनेरी पट्टी कोरड्या मऊ कापडानं हलकी पुसा. डाग चिवट असेल तर कापडाला किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा. खोडरबर घासू नका. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. परत घालताना चिपची बाजू खाली की वर हे बॉक्सवरच्या चित्रात बघा, प्रत्येक बॉक्समध्ये ते सारखं नसतं.

कंपनी चांगलं चालणारं कार्ड बदलून का पाठवते?

कार्डातली चिप जुनी होते आणि तिच्यावर हल्ला करायची साधनं सुधारत जातात, म्हणून काही वर्षांनी कार्डाची पिढी बदलतात. नवं कार्ड आलं की सोबतचं पत्र वाचा. जुनं कार्ड ठरावीक तारखेपर्यंत आतच ठेवायचं, की लगेच बदलायचं, हे त्यात दिलेलं असतं, आणि घाईनं केलेला बदल पुन्हा फोनवर आणून सोडतो.

माझं कार्ड बॉक्समध्ये नसून टीव्हीच्या मागच्या मॉड्यूलमध्ये आहे. तिथेही पेअरिंग असतं?

असतं, पण दोन पातळ्यांवर. कार्ड मॉड्यूलशी बांधलेलं असतं. मॉड्यूल आणि टीव्ही यांच्या जोडणीला कॉमन इंटरफेस म्हणतात. सुरुवातीच्या कॉमन इंटरफेसमध्ये मॉड्यूल चित्र उलगडून टीव्हीला उघडंच परत द्यायचं. २००८ साली आलेल्या सीआय प्लस या तिच्या सुधारित आवृत्तीनं ही फट बुजवली: मॉड्यूल आणि टीव्ही आधी प्रमाणपत्रं तपासून एकमेकांची खात्री करतात आणि मधला प्रवाह पुन्हा कुलूपबंद होतो. म्हणून टीव्ही बदलला तर मॉड्यूलला नव्या टीव्हीशी ओळख करून घ्यायला वेळ द्या आणि तोवर ते उपसू नका.

काही बॉक्सना कार्डच नसतं. तिथे हे सगळं कुठे जातं?

बॉक्सच्याच चिपमध्ये. कार्डाचं काम तिथला सुरक्षित भाग करतो, त्यामुळे जोडी कारखान्यातच लागलेली असते. फायदा असा की कार्ड हरवणं, उलटं बसणं, कप्पे झिजणं हे प्रश्नच उरत नाहीत. तोटा असा की गुपित फुटलं तर कार्ड बदलून भागत नाही, बॉक्सच बदलावा लागू शकतो.

पेअरिंगसाठी फोनवर कोणती माहिती द्यायची आणि कोणती नाही?

कार्डाचा क्रमांक, बॉक्सचा क्रमांक आणि खात्यावर नोंदवलेला फोन नंबर. एवढ्यात काम होतं. बँकेचा पिन, बँकेच्या कार्डामागचे तीन आकडे किंवा पैशांच्या व्यवहाराचा ओटीपी पेअरिंगला लागत नाही. कुणी मागितला तर फोन ठेवा आणि बिलावर छापलेल्या नंबरवर स्वतः फोन करा.